गाठी मोजल्या, उतारा कोण मोजणार?

कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या तुमच्या नव्या जम्बो रेच्यांचे फोटो मिळाले. मोटारींना झेंडूचे हार, पॅनलवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढ्यात फोडलेला नारळ आणि मागे कडक इस्त्रीतले तुम्ही. खाली ओळ : ‘सरांच्या आशीर्वादाने’. माझ्या आशीर्वादाने यातलं काहीही झालेलं नाही, बँकेच्या कर्जाने झालं आहे. माझं नाव तेवढं काढून टाका.

आयटीआयच्या शेडमध्ये मी तुम्हांला कानस धरायला शिकवलं, व्हर्नियर वाचायला शिकवलं. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे तर इतक्यांदा सांगितलं की माझी नक्कल करताना तुम्ही तेच वाक्य म्हणायचात. मला ठाऊक आहे. आज तुमच्यातले काही बुलढाण्याच्या घाटाखाली जिनिंगचे मालक आहेत, काही त्याच जिनिंगांत फिटर नाहीतर सुपरवायझर आहेत. आणि मोजल्याशिवाय बोलणारे मात्र सगळे आहेत. परवा एकाने फोनवर सांगितलं, ‘‘सर, प्रॉडक्शन दुप्पट झालं.’’ मी विचारलं, शंभर किलो कापसामागे रुईचा उतारा किती पडतो? म्हणाला, ‘‘बघून सांगतो.’’ अजून बघतोच आहे.

कागद घ्या. नसेल तर गुटख्याच्या पुडीची मागची बाजू घ्या, ती तुमच्या यार्डात हवी तेवढी मिळेल. हंगामात दहा हजार क्विंटल कापूस आला असं धरा. शेकडा ३४ उतारा पडला तर रुई ३,४०० क्विंटल, म्हणजे १७० किलोच्या गाठीने बरोबर २,००० गाठी. उतारा ३३ वर आला तर गाठी १,९४१. एकोणसाठ गाठी गेल्या. चोराने नेल्या नाहीत. सरकीला चिकटून तेलाच्या घाण्यात गेल्या, धुळीच्या खोलीत गेल्या, फुटलेल्या सरकीच्या चुऱ्यात गेल्या. रुईच्या भावाचा माल तुम्ही सरकीच्या भावात विकलात आणि वर पेढे वाटलेत. नवा रेचा ताशी किती ओढतो, हे त्याच्या कंपनीने छापूनच दिलं होतं. तेवढं पाठ म्हणून दाखवायला तुम्ही कशाला हवेत? किती कापसातून, किती युनिट विजेत, किती हातांनी आणि किती कर्ज अंगावर घेऊन ती रुई निघाली, आणि गिरणीवाल्याने तिला काय भाव दिला, हे सांगायला तुम्ही हवेत. ते तुमच्यापैकी एकालाही सांगता येत नाही.

रेच्याचं पोट पुन्हा उघडून दाखवतो. डबल रोलरमध्ये दोन रोलर फिरतात. त्यांच्या खरबरीत अंगाला धागा चिकटतो आणि स्थिर सुरीखालून ओढला जातो. सरकी जाड, ती सुरीच्या धारेपाशी अडते. मधल्या बीटरची चालती सुरी टोले देऊन तिला धाग्यापासून सोडवते. मूळ युक्ती अमेरिकेतल्या मॅकार्थीची, १८४० सालच्या पेटंटची. तुमच्या टचस्क्रीनच्या पाठीमागे आजही तीच चालते. स्थिर सुरीचा दाब कमी पडला की धागा सरकीवरच राहतो. दाब जास्त झाला की रोलर तापतो, झिजतो, वीज खातो आणि रुईचा रंग उतरतो. रोलरच्या खाचा बुजल्या की पकड जाते. पकड गेली की तुमचा सुपरवायझर काय करतो? कापूस जास्त सोडतो, म्हणजे ताशी आकडा दिसायला बरा दिसावा. मग सरकी फुटते, तिच्या टरफलाचे तुकडे रुईत जातात, आणि गिरणीत सूत तुटतं तेव्हा शिव्या कुणाला बसतात ते तुम्हांला ऐकू येत नाही, कारण गिरणी कोइमतूरला असते.

सुरीचा दाब पॅनलवर दिसत नाही. खाच बुजली म्हणून कुठला लाल दिवा लागत नाही. ते कळतं रेच्यापाशी उभ्या असलेल्या फिटरला. त्याच्या कानाला, त्याच्या तळहाताला. आणि त्या फिटरला तुम्ही वागवता कसं? दिवाळीनंतर बोलावता, होळीच्या सुमाराला हिशेब करून घरी पाठवता. उन्हाळ्यात तो चाकणला जातो, तिथे त्याला बारा महिने पगार मिळतो, आणि पुढच्या दिवाळीला तुम्ही माझ्याकडे येता : ‘‘सर, एखादं होतकरू पोरगं सांगा ना.’’ नाही सांगणार. होतकरू पोरगं पाच महिन्यांसाठी कुणी जन्माला घालत नाही. कोटींचं यंत्र आणलंत, आणि ते ज्याच्या हातात द्यायचं त्याच्या सात महिन्यांच्या पगारावर मात्र तुमचा जीव अडकला.

यावर तुम्ही म्हणाल, आपला भाग मागासलेला, इथे तंत्रज्ञान उशिरा येतं. हे रडगाणं माझ्यासमोर नको. एकेकाळी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जायचा. मग १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि खामगावच्या बाजाराला जो भाव आला तो त्या बाजाराने कधी पाहिला नव्हता. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा निघाला आणि त्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. तेरा-चौदा किलोमीटरच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय! पुण्या-मुंबईला आज जेवढी किंमत आहे तेवढी तेव्हा तुमच्या गावाच्या गाठींना होती. वाफेची प्रेस आली, रेचे आले, आणि घरोघर हातचरखीवर सरकी काढणाऱ्या बायांचं काम बसलं ते कायमचं. त्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. तेव्हा यंत्र इथे उशिरा आलं, असं म्हणू नका. फार लवकर आलं. ते टिकवायची अक्कल त्याच्याबरोबर आली नाही, इतकंच.

टिकवणं म्हणजे काय, याचा दाखला धारवाडचा. १८४० च्या सुमाराला ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून कापसाचे जाणकार बागायतदार आणले, सॉ जिन म्हणजे करवतीचे रेचे आणले. बऱ्याच ठिकाणी तो खटाटोप फसला. आपल्याकडचा आखूड धागा सरकीला घट्ट धरून बसणारा. करवतीचे दात त्याचे तुकडे पाडत. धारवाडकडे अमेरिकन वाणाने मूळ धरलं म्हणून तिथे ते यंत्र चाललं. पण चाललं ते निव्वळ वाणामुळे नाही. बिघडलेले दात कोण बदलणार, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा सरकारला तिथे जिनच्या दुरुस्तीचा कारखानाच काढावा लागला. पावणेदोनशे वर्षांपूर्वी परक्या कंपनी सरकारला जे कळलं ते तुम्हांला अजून कळत नाही. तुमच्या सुट्या भागांची खोली मी पाहिली आहे. तिथे एक तुटकी खुर्ची, निवडणुकीतले झेंडे आणि मागच्या वर्षीचं गणपतीचं मखर आहे.

आता सगळ्यांत जास्त राग कशाचा येतो ते सांगतो.

जुन्या जिनिंगमध्ये कापूस टोपल्यांनी वाहिला जायचा. बाया ढिगातून टोपली भरायच्या, भरताना चिंधी दिसली, सुतळी दिसली, कवडी दिसली की बाजूला टाकायच्या. कुणी त्यांना तसं सांगितलंच असेल असं नाही. हाताखाली आलं म्हणून काढलं. २००० सालच्या फेब्रुवारीत केंद्राने कापूस तंत्रज्ञान मिशन आणलं. त्यातलं चौथं लघुमिशन जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाचं होतं. यार्ड सिमेंटचं झालं, प्रीक्लीनर आले, कापूस हवेने ओढून नेणारे पाइप आले, रुई पट्ट्यावरून प्रेसपर्यंत जायला लागली. चांगलंच झालं. बायांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. पण टोपलीबरोबर टोपलीवरची नजरही गेली, आणि त्या नजरेच्या जागी काय ठेवायचं याचा विचार तुम्ही केला नाही. पाइपाला डोळे नसतात. त्याच्या तोंडाशी कापूस येवो, गुटख्याची पुडी येवो की खताच्या पोत्याचा तुकडा येवो, तो ओढतो. प्रीक्लीनरच्या काट्यांत त्या एका तुकड्याचे शंभर धागे होतात आणि ते गाठीभर पसरतात. प्लास्टिकचा तो धागा रंग घेत नाही. कापड रंगून बाहेर आलं की त्यात पांढरी रेघ दिसते, आणि अख्खं ठाण दुय्यम मालात जातं. जगभरच्या सूतगिरण्यांना विचारून कापसातल्या कचऱ्याची जी पाहणी होते, तिच्यात भारतीय कापसाचं नाव वर्षानुवर्षं घाणेरड्या टोकाला आहे. त्यात आपल्या जिल्ह्याचा हातभार किती, हे मोजलेलं नाही. पण तुमची यार्डं मी पाहिली आहेत, मला मोजायची गरज वाटली नाही.

तुम्ही गुरुवारी शेगावला जाता. परत येताना गाडीत प्रत्येकाच्या तोंडी एकच : काय स्वच्छता हो संस्थानची, कागदाचा कपटा दिसत नाही, काय शिस्त त्या सेवेकऱ्यांची! शिवशंकरभाऊ पाटलांनी घालून दिलेल्या व्यवस्थापनाचे गोडवे गाता. आणि त्याच पावली यार्डात येऊन कापसाच्या ढिगाला टेकून पुडी फोडता. खोटं असेल तर सांगा. कपटा उचलणारा माणूस नेमावा लागतो, त्याला मान द्यावा लागतो आणि मालकाने स्वतः वाकून एकदा उचलून दाखवावा लागतो, एवढंच त्या शिस्तीचं तंत्रज्ञान आहे. त्याला अनुदान नाही, म्हणून तुम्हांला ते दिसत नाही.

तुम्ही मुकादमाला गाठीमागे पैसे देता. त्याच्या टोळीला गाठ बांधली की पैसे. मग प्लास्टिक वेचायला तो दोन बाया का उभ्या करील? त्या दोन बायांची मजुरी त्याच्या खिशातून जाणार, गाठी उशिरा निघणार, आणि रुई स्वच्छ निघाली तर भाव तुम्हांला मिळणार. तो मूर्ख नाही. तुम्ही त्याला वेगाचे पैसे देता, तो वेग देतो. जम्बो रेचे आले तेव्हा तर त्याची चंगळ झाली. दर तोच, गाठी जास्त. यंत्र बदललंत पण कराराला हात लावला नाहीत. नव्या यंत्राचा सगळा जोर जुन्या कराराच्या दिशेनेच जाणार, दुसरं काय होणार?

हे माझ्या मनचं नाही. सियालकोटला फुटबॉल शिवतात, ते तुम्हांला माहीत आहे. तिथे काही अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली एक नवा ठप्पा कारखान्यांना फुकट दिला. त्याने रेक्झिनचे पंचकोन असे कापले जात की वाया जाणारा माल कमी होई. पस्तीस कारखान्यांना दिला. सव्वा वर्षाने पाहिलं तर वापरणारे मोजकेच. का? कापणाऱ्या कारागिराला नगामागे पैसे मिळत. नव्या ठप्प्याने सुरुवातीला त्याचा हात मंदावे, म्हणजे रोजी बुडे, आणि वाचलेलं रेक्झिन मालकाच्या पदरात. मग कारागिरांनी मालकाला सांगितलं, हा ठप्पा चालत नाही. मालकाने ऐकलं. पुढे त्याच मंडळींनी काही कारखान्यांतल्या कारागिरांना सांगितलं, नवा ठप्पा नीट वापरून दाखवा, महिन्याच्या कमाईएवढी रक्कम देतो. तिथे ठप्पा पुष्कळ जास्त चालू लागला. लोखंड तेच, हातही तेच. फरक पडला तो पैसे कशाचे मिळतात यात.

तुमच्याकडे ही गाठीमागची सवय कुठून आली, तेही मला ठाऊक आहे, आणि तेवढ्यापुरता मी तुम्हांला सोडतो. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. कापूस सरकारी यंत्रणेचा, रुई तिची, विक्री तिची. जिनिंगवाल्याच्या वाट्याला ठरलेली मजुरी. कापूस स्वच्छ काढला तरी तेवढीच, घाण काढला तरी तेवढीच. तुमच्या बापांची पिढी त्या मजुरीवर वाढली आणि गाठी मोजायला शिकली. त्यांना दोष देत नाही. पण ती योजना मोडून वीस वर्षं उलटली. कापूस आता तुमचा आहे, घट तुमची आहे, भाव तुमचा आहे. डोक्यातला ठेकेदार मात्र अजून मजुरीच मोजतो.

दुसरं गणित तर तुम्ही केलंच नाहीत. रेचे दुप्पट वेगाचे आणले, कापूस दुप्पट कुठून येणार? घाटावर चिखली-मेहकर-लोणारकडे सोयाबीनने रानं व्यापून किती वर्षं झाली. घाटाखाली २०१७ च्या बोंडअळीने शेतकऱ्याला जो तडाखा दिला, त्यानंतर पऱ्हाटीवरचा त्याचा जीव उडाला तो उडालाच. तेवढ्याच कापसावर आता पूर्वीपेक्षा जास्त रेचे तुटून पडतात. तुम्हीच सांगता, संक्रांत झाली की आठवड्यातले तीन दिवस फाटक उघडतं. म्हणजे तुमच्या वेगाने काय केलं? जे काम होळीपर्यंत चालायचं ते लवकर संपवलं. व्याज मात्र बारा महिने चालू. विजेचा मागणी आकार चालू. ताशी आकडा वाढला आणि यंत्रात घातलेल्या रुपयामागचा आकडा घसरला. दोघा-तिघांनी मिळून एक चांगलं जिनिंग चालवलं असतं तर तोच रेचा पाच महिने पोटभर चालला असता. पण ते कसं जमणार? समोरच्याने चोवीस रेचे बसवले म्हणून आपण तीस बसवायचे, एवढाच तुमचा प्रकल्प अहवाल. बाकीची पानं सीएने भरली.

आणि नवं यंत्र जुन्याच घडीत बसवण्याच्या बाबतीत तुम्ही जगाच्या पाठीवर एकटे नाहीत, हे ऐकून खूश होऊ नका. अमेरिकेतल्या कारखान्यांनाही वीज मिळाली तेव्हा त्यांनी काय केलं? वाफेचं इंजिन काढलं आणि त्याच जागी एक दांडगी मोटार बसवली. वरचा लांब शाफ्ट तोच, पट्टे तेच, यंत्रांची रांग तीच. तुमच्या आजोबांच्या जिनिंगमध्ये ऑइल इंजिन आणि शाफ्ट होता ना, अगदी तसाच. वीज १८८० च्या दशकात आली. तिचा खरा फायदा कारखान्यांच्या आकड्यांत दिसला तो १९२० च्या दशकात, प्रत्येक यंत्राला आपली मोटार मिळाल्यावर आणि कारखान्याची मांडणीच बदलल्यावर. पॉल डेव्हिड नावाच्या आर्थिक इतिहासकाराने १९९० साली हे उलगडून दाखवलं. त्यांना चाळीस वर्षं लागली. तुमच्या कर्जाची मुदत किती आहे?

तारापूरचं ऐका, तो तर आपल्या जवळचाच किस्सा. तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांवर २००८ ते २०१० या काळात स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. सतरा कंपन्यांचे अठ्ठावीस कारखाने. काहींना फुकट सल्लागार दिले. सल्लागारांनी नवे माग आणायला लावले नाहीत. त्यांनी काय केलं? माग बंद पडला तर का पडला हे लिहायला लावलं. कापडातला दोष कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत येतो ते लिहायला लावलं. सूत गोदामात कुठे किती आहे याच्या पाट्या लावल्या. वंगणाचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. रोज सकाळी त्या कागदावर बोलायला लावलं. पहिल्या वर्षात उत्पादकता सतरा टक्क्यांनी वाढली. सतरा! जुन्याच मागांवर. मालकांना आधी विचारलं होतं, तर बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की आमचं बरं चाललंय, याची गरज नाही. आवाज ओळखीचा वाटतो का?

आणि पुढची गोष्ट. आठ-नऊ वर्षांनी तेच संशोधक परत गेले. सुरू करून दिलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या मागे पडल्या होत्या. कुठे मॅनेजर बदलला होता, कुठे मालकाला वेळ नव्हता. तरीही ज्यांनी काही ना काही धरून ठेवलं ते बाकीच्यांपेक्षा पुढेच होते. म्हणून सांगतो, वही सुरू करणं हे अर्धंच काम. शेजारच्या पेढीवर चहा प्यायला जायच्या आधी मालकाने ती रोज उघडणं हे उरलेलं अर्धं. तुमच्या ऑफिसात संगणक आहे, त्यावर जीएसटी भरला जातो आणि क्रिकेट पाहिलं जातं. रेच्यानिहाय नोंद एका ओळीची नाही. नव्या पॅनलमध्ये प्रत्येक मोटारीचा अँपिअर साठवला जातो, हे तुमच्यापैकी कितींना माहीत आहे? मोटार नेहमीपेक्षा जास्त ओढायला लागली तर समजावं, सुरीचा दाब वाढलाय, नाहीतर बेअरिंग जातंय. नवं यंत्र तुमच्याशी बोलायला तयार आहे, तुम्हीच त्याला हार घालून गप्प बसवलंत.

आयातीचं गाऱ्हाणं मला नका सांगू. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, मग ती सूट वर्षाअखेरपर्यंत लांबवली. शेतकऱ्याला ते जड गेलं आणि तो बोलला तर त्याचं बरोबर आहे. तुमचं कारण वेगळं आहे. गिरणीवाल्याने एका बाजूला बाहेरची गाठ उघडली, दुसऱ्या बाजूला तुमची उघडली. शुल्क परत लागलं तरी त्याच्या डोळ्यांनी जे पाहिलं ते परत झाकता येणार नाही. ‘कस्तुरी’चं नाव लावून भारतीय कापूस जगात विकायचं २०२० मध्ये ठरलं. गाठ कुठल्या जिनिंगची, हे त्यात शोधून काढता येतं. तुमच्यातल्या किती जणांना आपली गाठ शोधून काढलेली परवडेल?

कापसाच्या धुळीविषयीही बोलायचं आहे, कारण तुम्ही ते विषयपत्रिकेवर कधीच घेणार नाही. रेच्याच्या घरात आठ तास उभ्या राहणाऱ्या बाईच्या छातीत ती धूळ जाते. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते, मग रोजच आवळते, मग बाई खोकत घरी बसते आणि तुम्ही नवी आणता. त्या बाईला कचरा ओळखायला चार हंगाम लागले होते. नवीला पुन्हा चार लागणार. हा खर्च तुमच्या कुठल्याच खात्यात नाही. पट्ट्यावर जाळी नाही, मास्क म्हणून पदर आहे, आणि पाइपात लोहचुंबक आहे की काढून ठेवलाय हे मालकाला माहीत नाही. एक खिळा, एक ठिणगी, आणि पाइपातून आग थेट गंजीवर. मग विमा कंपनीच्या माणसासमोर हात जोडून उभे राहता.

शिकायचं असेल तर दूर जावं लागत नाही. नागपूरला अमरावती रोडवर केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. शेगावला रात्री गाडीत बसा, सकाळी तिथे. फिटर पाठवा, सुपरवायझर पाठवा, आणि लाज वाटत नसेल तर स्वतः जा. शेगावातच १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली मुलं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत पुण्याच्या कंपन्यांचे उंबरे झिजवतात, आणि चार कोसांवर तुमचा रेचा रुई सरकीवर सोडून देतो. दोघांची गाठ घालायला मध्यस्थ लागतो का?

आता काय करायचं ते लिहून घ्या. फोनमध्ये नको, कागदावर.

प्रत्येक रेच्याला नंबर रंगवा. रोज प्रत्येक पाळीत एका रेच्याखालची मूठभर सरकी उचला आणि तिच्यावर किती धागा राहिला ते उजेडात पाहा. शंका आली तर तिथल्या तिथे सुरी तपासा. आलेला कापूस, निघालेली रुई, सरकी आणि घट रोज संध्याकाळी लिहा. पुढच्या तिन्हींची बेरीज आलेल्या कापसाशी जुळली नाही तर कुणालाही घरी सोडू नका, स्वतःलाही नाही. ओलावा यंत्राने मोजा, कापूस हातात दाबून सांगणाऱ्या दलालाच्या तोंडाने नाही. कापूस महामंडळ आठपासून बारा टक्क्यांपर्यंत घेतं, ते यंत्र लावून घेतं. शेतकऱ्याने खताच्या पोत्यात कापूस आणला तर त्याच्यावर ओरडू नका, फाटकाशी कापडी पोती ठेवा आणि बदलून द्या. दोन हंगामांत तो ती घरूनच आणील. पुडी यार्डाच्या बाहेर. मालकाचीसुद्धा.

फिटरला बारा महिने ठेवा. उन्हाळ्यात प्रत्येक रेचा खोलून तपासायचं काम त्याला द्या, आणि त्याची वही वेगळी ठेवा.

आणि मुकादमाशी नवी बोलणी करा : गाठीचा दर थोडा कमी, पण गिरणीकडून कचऱ्याची तक्रार न आलेल्या प्रत्येक शंभर गाठींमागे वरचे पैसे, आणि वेचणाऱ्या दोन बायांची मजुरी तुमच्याकडून, त्याच्याकडून नाही. तो आधी नाही म्हणेल. मग आकडा विचारील. ही बोलणी दसऱ्याच्या आत उरकायची. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग फाटकापासून रस्त्यापर्यंत जाते, तेव्हा दर तो सांगतो, तुम्ही नाही.